गर्दी नसलेले ठिकाण शोधण्याआधी वार आणि दिशा ठरवा

नमस्कार. आपला प्रश्न मी असा समजलो: आठ महिन्यांपूर्वी आपली पुण्याहून नाशिकला बदली झाली, घरी पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई आहेत, स्वतःची गाडी आहे, आणि सुटीच्या दिवशी त्र्यंबक, पहिने, हरिहर, द्राक्षबागा असे जिथे जिथे गेलात तिथे गाडी उभी करण्यातच अर्धा तास गेला. ‘कुणालाच ठाऊक नसलेला’ म्हणून मोबाईलवर पाहिलेल्या एका धबधब्यावर गेलात, तर तिथे भुट्टे-भज्यांच्या गाड्यांची रांगच लागलेली होती. म्हणून आपल्याला गर्दीपासून दूर असलेल्या पाच-सहा ठिकाणांची यादी हवी आहे. मी गेली एकोणीस वर्षे नाशिकहून आठ-दहा जणांचे लहान गट घेऊन किल्ले, लेणी, जुनी देवळे आणि माळराने दाखवण्याचे काम करतो. यादी देणे मला अवघड नाही आणि खाली काही नावे येतीलही. परंतु नुसती यादी दिली तर पुढच्या पावसाळ्यात आपण पुन्हा हाच प्रश्न विचाराल, म्हणून ती नावे मी कशी निवडतो ते आधी सांगतो.

हरिहरचेच उदाहरण घ्या. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या पूर्वी निरगुडपाड्याहून किंवा हर्षेवाडीहून येणाऱ्या मोजक्या गिर्यारोहकांनाच माहीत होत्या. मी पहिल्यांदा गट घेऊन गेलो तेव्हा दिवसभरात आम्हांला गडावर दोन गुराखी आणि एक माकडांची टोळी याखेरीज कोणी भेटले नाही. नंतर त्या पायऱ्यांच्या चित्रफिती हातोहात फिरल्या आणि पावसाळ्यातल्या रविवारी चढणारे आणि उतरणारे एकाच खोबणीत हात घालून तिष्ठत उभे राहू लागले. तरीही गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी साडेसातला मी तिथे चौघांना घेऊन गेलो होतो, तेव्हा गड पुन्हा पूर्वीसारखाच होता. ठिकाण तेच, पायऱ्या त्याच. बदलला होता तो महिना, वार आणि तास. त्यामुळे ‘कुठे जाऊ’ हा प्रश्न मी नेहमी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. त्याच्या आधी ‘कधी’ आणि ‘कोणत्या दिशेला’ हे ठरले पाहिजे.

आता यात आपल्यावर अवलंबून असलेल्या गोष्टीही बऱ्याच आहेत, आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. आपल्याला आठवड्यातला एखादा दिवस रजा मिळते का, आईंचे गुडघे किती पायऱ्या सोसतात, घरच्यांना सहा-सात तास स्वच्छतागृहाशिवाय काढणे शक्य आहे का, आणि जेवणाला पर्याय नसला तर मुलगी पिठले-भाकरी खाईल का, या चार प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्या. जिथे गर्दी नसते तिथे बहुधा सोयही नसते, आणि पुष्कळदा सोय नसते म्हणूनच गर्दी नसते. विशेषतः स्वच्छतागृहाचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत आणि मग घरातल्या बायका दिवसभर पाणी पिणे टाळतात. माझ्या गटांत उन्हाने चक्कर आलेल्या बहुतेक बायका अशा पाणी न पिता चाललेल्या होत्या. वाटेत कोणत्या पेट्रोल पंपावर, कोणत्या तालुक्याच्या गावी थांबायचे हे मी ठिकाणाच्या आधी ठरवतो, आणि आपणही तसेच करावे.

नाशिकची गर्दी येते कुठून, हे एकदा लक्षात आले की निम्मे काम होते. ती मुंबईहून कसाऱ्याच्या घाटाने आणि पुण्याहून सिन्नरमार्गे येते, तिला रात्री परतायचे असते, आणि तिला पाऊस, धुके व धबधबा हवा असतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात इगतपुरी, घोटी, त्र्यंबक, पहिने हा सारा पश्चिमेचा पट्टा शनिवारी सकाळी भरतो आणि रविवारी रात्री रिकामा होतो. त्याच वेळी जिल्ह्याच्या पूर्वेला काय चालले आहे याकडे कोणाचे लक्ष नसते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर येवला-मालेगावकडे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यातला हा फरक मला फार उपयोगी पडतो. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर वाटा निसरड्या, दरडी सैल आणि ओढे बेभरवशाचे झालेले असताना पूर्वेकडचे डोंगर नुकते हिरवे होऊ लागलेले असतात. तिथे एखादी सर येते, अर्ध्या तासात ऊन पडते, आणि दगड कोरडा होतो. या भागाला आपण ‘दुष्काळी’ म्हणून इतक्या वेळा ऐकलेले असते की तिथे फिरायला जावे असे नाशिककरांच्याही मनात येत नाही.

म्हणून पावसाळ्यातील माझा पहिला नियम असा आहे की लोक ज्या दिशेला जातात तिच्याकडे पाठ करून निघायचे. आपण मनमाडच्या रोखाने निघालात तर मनमाडच्या पुढे अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडगोळी आहे. दोन डोंगर एका खिंडीने जोडलेले असून पायथ्याच्या अंकाई गावातून वर निघाल्यावर थोड्याच चढणीत जैन लेण्यांचा समूह लागतो. द्वारपट्ट्यांवरचे नक्षीकाम, छतावरचे कमळ आणि खांबांवरच्या आकृती आपण पाहत असताना खालून मनमाड-छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरून गाडी जाते आणि तिचा आवाज लेण्यात घुमतो. पुढे खिंडीतून अंकाईचे दरवाजे ओलांडत माथ्यावर गेले की पठार, त्यावरचा मोठा तलाव आणि अगस्ती ऋषींचे स्थान आहे. १६३५ मध्ये शहाजहानच्या फौजेने हा दुर्ग घेतला होता. खानदेशातून दक्षिणेत उतरणारी वाट इथून राखता येत असे, ही गोष्ट माथ्यावर उभे राहिले की कोणी न सांगता समजते. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्र सोडली तर इथे मला शंभरावर माणसे कधी दिसलेली नाहीत. जाणता वाटाड्या बरोबर असेल तर शेजारची हडबीची शेंडी ही सुळक्यासारखी टेकडी लांबून दाखवण्यासारखी आहे. तिच्यावर चढणे हे दोराचे काम आहे, ते आपल्यासाठी नाही.

त्याच बाजूला येवला तालुक्यात ममदापूरचे काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे झाडीही नाही आणि डोंगरही नाही. नुसते गवत, बाभळी आणि मोठे आभाळ आहे, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत पाहुण्यांचा चेहरा पडतो. मग कोणीतरी हळूच बोट दाखवते आणि बाभळीच्या सावलीत काळसर पाठीचा, पिळदार शिंगांचा नर मान वर करून आपल्याकडे पाहत असलेला दिसतो, आणि त्याच्या मागे बसलेला कळप उठू लागतो. गाडीतून उतरून त्यांच्यामागे धावू नये, मुलीला हे आधीच समजावून सांगावे, आणि वनविभागाच्या माणसाला विचारल्याशिवाय आतील वाटांवर गाडी घालू नये. पक्ष्यांची हौस असेल तर निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर अर्थातच आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाल्यापासून हिवाळ्यातील रविवारी तिथेही रांगा लागतात. आठवड्यातल्या मधल्या वारी पहाटे गेलात तर मात्र गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे ते पाणी अजूनही पक्ष्यांचेच असते.

आपला सगळ्यांत मोठा गैरसमज असा दिसतो की निवांत ठिकाण म्हणजे दुर्गम ठिकाण. तसे असते तर आईंना घेऊन कुठेच जाता आले नसते. मालेगावहून धुळ्याकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर झोडगे हे गाव लागते. तिथे माणकेश्वराचे भूमिज शैलीतले पुरातन शिवमंदिर आहे, ज्याच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या रांगा एकीवर एक रचत नेलेल्या आहेत. महामार्गावरून रोज हजारो वाहने जातात आणि त्यांतले क्वचितच कोणी गावात वळते. मी एकदा दुपारी बारा वाजता तिथे तासभर बसलो होतो. बाहेरून ट्रकांची घरघर ऐकू येत होती, शिखराच्या कोनाड्यांत पोपटांची ये-जा चालू होती, आणि त्या तासाभरात दर्शनाला एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी पिंडीवर तांब्याभर पाणी घातले आणि मी कोणत्या गावचा हे विचारून निघून गेले. या मंदिराला चढ नाही, तिकीट नाही, आणि गाडी जवळ जाते. सटाणा तालुक्यात देवळाणे येथील जोगेश्वराचे मंदिरही असेच आहे. त्याच्या बाह्यांगावर मैथुनशिल्पेही आहेत, तेव्हा मुलीने काही विचारलेच तर उत्तर तयार असावे. माझा अनुभव असा की मुले दोन मिनिटांत पुढे जातात आणि अवघडलेले आई-वडीलच मागे रेंगाळतात.

सिन्नरचे गोंदेश्वर आपण शिर्डीला जाताना पाहिले असेलच. भर चौथऱ्यावर मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती अशी ती पंचायतनाची मांडणी आहे. तेथे आता बरीच मंडळी येतात, पण त्याच सिन्नरमधले ऐश्वर्येश्वराचे लहान मंदिर विचारत जावे लागते आणि तिथे कोणीही नसते.

इतका वेळ मी एका दिवसाच्या फेऱ्यांविषयी बोललो. गर्दी टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय म्हणजे मुक्काम करणे. नाशिकहून सकाळी निघून रात्री परत येता येईल एवढ्या अंतरात जे काही आहे त्यातले बरेचसे कमी-अधिक भरलेले असते. त्यापलीकडे बागलाण सुरू होते, आणि बागलाण एका दिवसात उरकण्याची जागा नव्हे. सटाण्यापुढे ताहाराबाद, मुल्हेर आणि मग साल्हेर असा हा रस्ता आहे. कानांवर अहिराणी पडू लागते, कांद्याच्या चाळी आणि डाळिंबाच्या बागा मागे पडतात, आणि सेलबारी रांगेचे कडे गुजरातच्या सीमेपर्यंत सोबत करतात. साल्हेर १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले, आणि याच लढाईत मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे पडले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली त्यात साल्हेरही आहे, त्यामुळे जोडून आलेल्या सुट्यांना आता तिथे पूर्वीपेक्षा अधिक माणसे दिसतात. तरीही इतके दूर येऊन एवढा चढ चढणारे थोडेच.

आपल्या घरच्या मंडळींना मात्र मी साल्हेर सुचवणार नाही. वाघांबे गावाकडून साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या मधल्या खिंडीत चढून, पुढे कोरीव पायऱ्या आणि दरवाज्यांची माळ ओलांडून गंगासागर तलावापाशी पोहोचायला दमदार माणसालाही तीन तास लागतात, आणि परशुरामाच्या देवळाचा शेवटचा चढ त्यानंतर उरतोच. आपण आणि पत्नी दोघेच कधी आलात तर जरूर जा. आईंसह यायचे असेल तर मुल्हेरला मुक्काम करा. उद्धव महाराजांच्या समाधीमुळे गावाला स्वतःचे असे एक वळण आहे, कोजागरीच्या रात्री तिथे रासक्रीडेची जुनी परंपरा आहे, आणि किल्ल्यावर अर्ध्या वाटेपर्यंत गेले तरी गणेश मंदिर, तळे आणि झाडी एवढ्याने दिवस सार्थकी लागतो. कोजागरीला तिथे गर्दी असते हे खरे. परंतु ती गर्दी गावाची, स्वतःच्या उत्सवाला आलेल्या माणसांची असते, आणि तिच्यात पाहुणा म्हणून उभे राहण्याचा आनंद निराळा आहे.

सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांविषयी मी थोडे जपून लिहितो. निसर्ग म्हणाल तर जिल्ह्यातील सर्वांत देखणा भाग तोच आहे. सापुताऱ्याची बाजारपेठ ओसंडून वाहत असताना अलीकडेच असलेल्या हतगडावर चार-दोन कुटुंबेच असतात, आणि केळावणजवळचा भिवतासचा धबधबा पावसाच्या शेवटाला पाहावा असा आहे. पण या पाड्यांवर आपण पर्यटनस्थळी आलेलो नसतो, कोणाच्या तरी अंगणात आलेलो असतो. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल लोकांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत धरलेली माणसे अनेक दिवस नियमाने राहतात, रात्री पावरी या वाद्याच्या सुरावर फेर धरतात. उन्हाळ्यात बोहाडा होतो, त्यात मुखवटे घालून देवादिकांची सोंगे रात्रभर नाचवतात. या दोन्ही ठिकाणी मी कधीही जाहिरात करून गट नेलेला नाही. गावातल्या ओळखीच्या माणसाने बोलावले तर दोघे-तिघे जातो, मागे बसतो, आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढत नाही. आपल्यालाही बोलावणे आले तर अवश्य जावे. कोणी बोलावले नसेल तर तो दिवस आपला नाही असे समजावे.

याच संदर्भात वेळेविषयीचे माझे दुसरे साधन सांगतो. निघण्याआधी मी नकाशाच्या बरोबरीने भिंतीवरची दिनदर्शिका पाहतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते, तेव्हा त्र्यंबकच्या बाजूला फिरकू नये. पौष वद्य एकादशीला तिथेच निवृत्तिनाथांची यात्रा भरते. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीकडे जाणारे सारे रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरलेले असतात, म्हणून शेजारचे मार्कंड्या आणि रवळ्या-जवळ्या हे किल्लेही त्या दिवसांत सोडून द्यावेत. पौष पौर्णिमेला मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाची यात्रा सुरू होते. आणि आता सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे रामकुंड आणि त्र्यंबक यांची गणिते पर्वणीच्या तारखांनुसार बदलत राहतील. ही सर्व माहिती घराघरांत टांगलेली असते. ती पाहून निघाले तर निम्मा मनस्ताप वाचतो.

एवढे करूनही चुका होतात, आणि माझी एक चूक सांगण्याजोगी आहे. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये बागलाणातून परतताना दिवस मावळत आला होता. मोबाईलमधील नकाशाने दाखवलेला रस्ता नेहमीच्या रस्त्यापेक्षा अकरा किलोमीटरने कमी होता, आणि गाडीत सात माणसे घेऊन मी तो धरला. चार किलोमीटरवर डांबर संपले, पुढे मुरूम संपला, आणि शेवटी बैलगाडीच्या चाकोरीवरून आम्ही थेट नदीच्या वाळूत उतरलो. पुढची चाके रुतली. संपर्काचे जाळे नव्हते. मळ्यात पाणी भरायला आलेल्या एका शेतकऱ्याने आमचे दिवे पाहिले, कोणताही प्रश्न न विचारता तो घरी जाऊन ट्रॅक्टर घेऊन आला आणि चाकाखाली घालायला त्याने मक्याच्या चाऱ्याच्या पेंढ्या आणल्या. गाडी निघाल्यावर मी पैसे पुढे केले तेव्हा तो म्हणाला, “पैसे राहू द्या, पण फोनला रस्ता विचारण्याआधी माणसाला विचारत जा.” तेव्हापासून आडवाटेच्या प्रत्येक फाट्यावर मी गाडी थांबवून काच खाली करतो आणि विचारतो. रस्ता कुठे जातो असे विचारू नये, कारण रस्ता कुठेतरी जातोच. चारचाकी पार जाते का, आणि आज कोणी गेले आहे का, असे विचारावे.

बाकीच्या दक्षता थोडक्यात सांगतो. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. किल्ल्यावरच्या टाक्यांवर विसंबू नये, कारण जानेवारीनंतर त्यांतली पुष्कळ टाकी आटतात किंवा हिरवी होतात. कड्यांना लागलेली आग्या मोहोळे हा आमच्याकडच्या किल्ल्यांवरचा खरा धोका आहे, आणि तो सापापेक्षा मोठा आहे. अत्तर लावू नये, धूर करू नये, ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह आवरावा. घरी कोणाकडे तरी जाण्याचे गाव आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी. सूर्यास्ताआधी डांबरी रस्त्यावर यावे, विशेषतः निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात, जिथे संध्याकाळी बिबट्या बांधावर येतो. आणि देवळालीजवळचा बहुला किल्ला कोणी ‘निर्मनुष्य’ म्हणून सुचवला तर तो निर्मनुष्य का आहे हे लक्षात घ्यावे: तो तोफखान्याच्या सराव क्षेत्रात येतो आणि परवानगीशिवाय तिकडे जाता येत नाही. पावसाळ्यात धबधब्याखालच्या डोहांत उतरण्याविषयी माझे मत ठाम आहे आणि त्यात परिस्थितीनुसार काही बदलत नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली आपल्याला दिसत नाही, पाणी मिनिटांत चढते, आणि मी कोणत्याही गटाला उतरू देत नाही.

जेवणाचे म्हणाल तर आदल्या संध्याकाळी फोन करून पायथ्याच्या गावात एखाद्या घरी सांगून ठेवावे. पूर्वेला बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा मिळेल. पश्चिमेला नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण. सहा माणसे सांगून चौघेच गेलो तरी पैसे सहाचेच द्यावेत, कारण चूल सहांसाठी पेटलेली असते. घासाघीस करू नये. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटण्याची पद्धत अनेकांना प्रेमळ वाटते, पण दोन-तीन वर्षांत त्या गावातली मुले गाडीमागे धावू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही द्यायचेच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना काय हवे ते विचारावे.

शेवटी आपण विचारले आहे की अशा जागांची छायाचित्रे इतरांना दाखवावीत की नाही. मी स्वतः एकेकाळी इगतपुरीच्या बाजूच्या एका डोहाचा पत्ता हौसेने सगळ्यांना सांगितला होता आणि आता तिथे बाटल्यांच्या काचा आहेत, म्हणून माझे उत्तर निष्पाप माणसाचे नाही. आज मी असा भेद करतो: झोडगे, देवळाणे, अंकाईची लेणी यांची नावे मी मोकळेपणाने सांगतो, कारण दगडी देवळाकडे चार डोळे अधिक वळले तर त्याच्या डागडुजीची मागणी तरी होते. डोह, घरटी, काळविटांच्या पाणवठ्याच्या जागा आणि पाड्यांवरचे उत्सव यांचा पत्ता मी लिहून देत नाही, समोर बसलेल्या माणसालाच सांगतो.

आपल्या घरासाठी पहिली फेरी विचाराल तर मी अंकाई सांगेन, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि शक्य तर शनिवारऐवजी शुक्रवारी. पहाटे साडेपाचला नाशिक सोडा, चांदवडला चहा घ्या, स्वच्छतागृहाचे काम मनमाडमध्येच उरका, आणि साडेआठच्या आत लेण्यांपाशी पोहोचा. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, आई सावकाश चढतील. गाडीत एक घडीची खुर्ची टाकून न्या, लेण्याच्या ओसरीत सावली असते आणि वाराही चांगला असतो. त्या आणि पत्नी तिथे बसल्या तर आपण मुलीला घेऊन खिंडीतून अंकाईच्या माथ्यावर तलावापर्यंत जाऊन अकराच्या सुमारास परत येऊ शकाल, नंतर चौघांनी येवल्यात जेवून पैठणीचे माग पाहता येतील. आईंना पायऱ्या नकोच असतील तर हाच दिवस सिन्नरची दोन देवळे आणि नांदूर मध्यमेश्वर असा करा, फक्त तो डिसेंबरात ठेवा. कोणता महिना जमतो आणि आईंचे गुडघे काय म्हणतात ते कळवलेत, तर मुक्कामाच्या फेरीविषयी याहून नेमके सांगता येईल.